फास्ट चार्जर फास्ट का चालत नाही? नरपडच्या उन्हातला धंद्याचा धडा



व्हिडिओत वेळ कमी होता, त्यामुळे हिशोब जरा घाईत सांगितला. इथे तोच धडा सावकाश आणि आकड्यांसकट घेऊ. वही-पेन जवळ घ्या, मध्ये दोन-तीन गणितं आहेत. गाडीचा किंवा विजेचा धंदा करायचा नसेल तरी वाचा. यंत्राच्या पाटीवरचा आकडा आणि गल्ल्यात पडणारा पैसा यांत किती अंतर असतं, हे कुठल्याही धंद्यात कळायला हवं.

प्रश्न विचारला होता नरपडच्या एका ताईंनी. डहाणूहून बोर्डीच्या रस्त्याला लागलं की समुद्राच्या कडेने नरपड लागतं. सुरूची बनं, चिकूच्या वाड्या, आणि शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्या गाड्या. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. मोठ्या कारखान्यांवर इथे निर्बंध आहेत, त्यामुळे घरगुती निवास, जेवण, वाडीतली सहल, चिकूचे पदार्थ असेच धंदे इथे शोभतात आणि वाढतात. ताईंचंही तेच आहे. वाडीत चार खोल्या, अंगणात पार्किंग, हाताला चव.

बचत गटाचं प्रशिक्षण संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, आता दर दोन-तीन गाड्यांमागे एक तरी विजेवरची येते. पाहुणे विचारतात चार्जिंग आहे का. एक जण फास्ट चार्जर बसवून द्यायला तयार आहे. कर्जाचंही जमतंय, पण वाडी तारण ठेवावी लागेल. घेऊ का?"

वाडी तारण! म्हणजे प्रश्न यंत्राचा राहिलाच नाही, घराचा झाला. मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. कारण त्याच प्रवासात मला स्वतःला एक दणका बसला होता. आधी तो सांगतो.

दुपारी अडीच आणि सकाळी सात

मे महिना होता. ठाण्याकडून महामार्गाने येताना मी एका चार्जरवर थांबलो. दुपारचे अडीच. यंत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ६० किलोवॅट. गाडीत बॅटरी २६ टक्के. मी मनात हिशोब केला, चहा पिऊन होईपर्यंत काम होईल. पडद्यावर पाहतो तर आकडा २७ किलोवॅट! दुसऱ्या गनला गाडीही लागलेली नव्हती. चहा झाला, वडापाव झाला, अजून एक चहा झाला. तासाच्या वर वेळ गेला आणि प्रशिक्षणाला आलेल्या बायका माझी वाट पाहत बसल्या. मनात पहिला विचार काय आला असेल? "हा फसवतोय."

दोन दिवस डहाणू-घोलवड-बोर्डी फिरून परत निघालो. त्याच यंत्रावर सकाळी सातला गाडी लावली, बॅटरी २८ टक्के. आकडा आला ४६. यंत्र तेच, गाडी तीच, माणूस तोच. बदललं होतं ते ऊन, आणि गाडीच्या पोटातली उष्णता.

एका अनुभवावरून शास्त्र होत नाही, हे मलाही कळतं. पण या अनुभवामुळे मी माहिती खणायला बसलो. जे हाती लागलं, तेच आजचा धडा.

पहिला पाठ : किलोवॅट म्हणजे धार, युनिट म्हणजे पाणी

वाडीत मोटर लावून टाकी भरता ना? पाइपातून पाणी किती जोरात येतंय, ते झालं किलोवॅट. टाकीत एकूण किती पाणी पडलं, ते झालं युनिट. ग्राहक पैसे देतो युनिटचे. पण तो वैतागतो किंवा खूश होतो ते किलोवॅटवर, कारण त्याचा वेळ त्यावर ठरतो.

आता नीट ऐका. चार्जरवर ६० लिहिलंय म्हणजे तो जास्तीत जास्त ६० देऊ शकतो. घ्यायचं किती, हे गाडी ठरवते. प्रत्येक विजेच्या गाडीत बॅटरीवर लक्ष ठेवणारी एक यंत्रणा असते. ती सारखी तपासत असते : पेशी किती तापल्या, किती भरल्या, दाब किती झाला. मग ती चार्जरला निरोप धाडते, "आता एवढंच दे." चार्जर देणारा, गाडी मागणारी. या दोघांत ज्याची ताकद कमी, त्याचा आकडा पडद्यावर दिसतो.

म्हणून आकडा कमी दिसला की चार कारणं क्रमाने तपासायची :

१. गाडीची स्वतःची कमाल मर्यादाच कमी आहे का? लहान गाड्या ६० घेतच नाहीत.
२. दोन गनचं यंत्र आहे आणि दोन्हीकडे गाड्या लागल्यात का? बऱ्याच यंत्रांत ताकद दोघांत वाटली जाते.
३. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली आहे का? भरत आलेल्या बॅटरीत वेग मुद्दाम उतरवतात. काठोकाठ आलेल्या घागरीत आपणही धार बारीक करतोच.
४. तापमान. बॅटरीचं, यंत्राचं, आणि बाहेरच्या हवेचं.

पहिली तीन कारणं यंत्राच्या पाटीवरून आणि पडद्यावरून समजतात. चौथं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भांडणं याच कारणावरून होतात.

दुसरा पाठ : थंडीत काय होतं

लिथियमची बॅटरी चार्ज होताना लिथियमचे कण एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. डहाणू रोडला सकाळची चर्चगेट लोकल लागते तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. माणसं पटापट आत सरकली तर गर्दी पुढे जाते. आतले लोक जागचे हलले नाहीत तर सगळे दारातच तुंबतात.

थंडीत बॅटरीच्या आत हेच घडतं. कण आत शिरायला वेळ घेतात. अशा वेळी जबरदस्तीने वेग ठेवला तर लिथियम आत न बसता बाहेरच धातूच्या थरासारखा साचतो. तो पुन्हा पूर्णपणे कामाला येत नाही. बॅटरीची ताकद कायमची घटते, आणि फार साचला तर आत शॉर्ट होण्याचा धोका. म्हणून शून्य अंशाच्या आसपास गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग खाली आणते.

अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी म्हणून चालणाऱ्या निसान लीफ गाड्यांची माहिती तपासली. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ अंशांना जी बॅटरी अर्ध्या तासात ८० टक्क्यांपर्यंत जायची, ती शून्य अंशाला तेवढ्याच वेळात ३६ टक्के कमी भरत होती. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाक्याची थंडी पडली, तेव्हा चार्जिंगच्या ठिकाणी गाड्यांच्या रांगा लागल्याच्या बातम्या जगभर गेल्या. तिकडे आपली मराठी माणसंही भरपूर आहेत. कुणी नातेवाईक असेल तर फोनवर विचारा, तो तुम्हाला सांगेल की थंडीत निघण्याआधी बॅटरी गरम करून घ्यावी लागते. नव्या बऱ्याच गाड्या चार्जरकडे जाता जाता ते काम आपोआप करतात.

आता मुद्द्याचं. नरपडला शून्य अंश कधी होणार? नाहीच. आपल्या किनाऱ्यावरची थंडी म्हणजे पहाटे शाल घेण्यापुरती. त्या थंडीने चार्जिंगला विशेष फरक पडत नाही. इंटरनेटवर या विषयावर जे वाचायला मिळतं, त्यातलं बरंच नॉर्वे-अमेरिकेच्या बर्फाबद्दल असतं. ते वाचून इथला धंदा ठरवू नका. आपला प्रश्न उलटा आहे.

तिसरा पाठ : उन्हात काय होतं

इथे एक गैरसमज आधी काढू. ऊब ही फास्ट चार्जिंगची वैरी नाही. साधारण २० ते ४० अंशांमधली बॅटरी छान चार्ज होते, आणि थोडी कोमट असेल तर आणखी बरं. नरपडला उन्हाळ्यात पारा तिशीच्या मध्यावर असतो. निव्वळ त्या हवेने गाडीचं काही बिघडत नाही.

मग अडतं कुठे? चार्जिंग करताना बॅटरी स्वतःच तापते, आणि ती उष्णता बाहेर टाकायला बाहेरची हवा पुरेशी थंड नसते. इथे एक साधा नियम पाठ करा : प्रवाह दुप्पट केला की आतली उष्णता चौपट होते. म्हणून वेग जितका जास्त, तितका उन्हाचा फटका मोठा. ३ किलोवॅटच्या सावकाश चार्जिंगला बॅटरी जेमतेम कोमट होते. ६० किलोवॅटला ती तापते, आणि शंभराच्या पुढे तर थंड करणारी यंत्रणा जोरात चालवावीच लागते.

माझ्या दुपारच्या प्रसंगात एकावर एक थर चढले होते. महामार्गावर शंभरेक किलोमीटर जोरात चालवून बॅटरी आधीच तापलेली. गाडी उन्हात. खाली तापलेलं डांबर. हवामान खात्याचा पारा सावलीत, जमिनीपासून उंचावर, हवेशीर पेटीत मोजलेला असतो. बातम्यांत ३५ अंश सांगितले तरी भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग ५० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. त्यात मी आत एसी लावून बसलेलो. आजच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड करायला द्रव फिरवतात आणि त्यासाठी एसीचाच कॉम्प्रेसर वापरतात. म्हणजे एकाच कॉम्प्रेसरवर दोन गिऱ्हाइकं, मी आणि बॅटरी. बॅटरी मर्यादेजवळ आली की गाडी चार्जरला म्हणते, "हळू दे." हळू घेतलं की उष्णता कमी होते. बॅटरी लवकर म्हातारी होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

ज्या गाड्यांत असा द्रव फिरत नाही, नुसत्या हवेवर बॅटरी थंड होते, त्यांचं काय होतं? २०१८ च्या सुमारास युरोपात नव्या निसान लीफ गाडीबद्दल हीच तक्रार गाजली. एकाच दिवसात लांबचा प्रवास करून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फास्ट चार्ज करायला गेलं की वेग बराच कमी मिळायचा. मधल्या वेळात बॅटरीला थंड व्हायला संधीच मिळत नव्हती.

आणि एक गोष्ट धंदेवाल्याने कधीच विसरू नये. चार्जरचं यंत्रसुद्धा तापतं. डीसी चार्जरच्या कपाटात विजेचं रूपांतर करणारे भाग असतात, पंखे असतात. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अमुक अंशांच्या पुढे यंत्र आपली ताकद कमी करेल. विक्रेता तो कागद दाखवत नाही. तुम्ही मागा. किनाऱ्यावर तर खारी हवा आणि बारीक वाळू. जाळी चोंदली की पंखा फिरतो, पण वारा लागत नाही. मग ३० चं यंत्र २० देतं, आणि ग्राहक शिव्या घालतो मालकाला.

चौथा पाठ : हा फरक गल्ल्यात किती पडतो

आता गणित. यातले रुपयांचे आणि मिनिटांचे आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे तुम्ही घाला.

ताईंना सुचवलेलं यंत्र ३० किलोवॅटचं. समजा एका गाडीला सरासरी १९ युनिट लागतात.

सकाळच्या गार वेळेत पूर्ण ३० चा वेग मिळाला तर लागतात ३८ मिनिटं. गाडी हलवणं, दुसरी लावणं, पैसे यांना ७ मिनिटं. म्हणजे एका गाडीला ४५ मिनिटं.

भर उन्हात सरासरी २० चा वेग मिळाला तर लागतात ५७ मिनिटं. वरची ७ धरून ६४ मिनिटं.

शनिवारी गाड्या येतात कधी? दुपारी १२ ते ५. म्हणजे ३०० मिनिटं. गार हवेच्या हिशोबाने त्यात ६ गाड्या बसतात, उन्हाच्या हिशोबाने ४. ज्या वेळी गिऱ्हाईक सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच वेळी यंत्र सगळ्यात हळू. चैत्रात महामार्गालगत विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, रस्ता फुलतो, आणि तेव्हाही ऊनच असतं. आपल्याकडे गर्दी आणि उन्हाळा हातात हात घालून येतात, हे लिहून ठेवा.

आता कर्जाची बाजू. समजा हप्ता, विजेचा स्थिर आकार आणि देखभाल मिळून महिन्याला २४,००० रुपये. एका युनिटमागे ६ रुपये सुटले, तर खर्च निघायलाच ४,००० युनिट विकावे लागतील. दिवसाला १३३ युनिट. म्हणजे रोज ७ गाड्या. रोज! जुलैच्या धो-धो पावसातल्या मंगळवारीसुद्धा.

मी ताईंना विचारलं, "मंगळवारी तुमच्या अंगणात किती गाड्या असतात?"

त्या हसल्या. "मंगळवारी माझी कोंबडीच असते, सर."

पाचवा पाठ : तुमचा ग्राहक थांबतो की निघतो?

इथे धड्याचा गाभा आहे. महामार्गावरच्या माणसाला निघायचं असतं. त्याला फास्ट चार्जर हवा आणि तो त्यासाठी जादा पैसे देतो. नरपडला आलेला पाहुणा थांबायला आलेला असतो. दुपारी जेवतो, संध्याकाळी समुद्रावर जातो, रात्री झोपतो, सकाळी पोहे खाऊन निघतो. त्याची गाडी तुमच्या अंगणात पंधरा-सोळा तास नुसती उभी असते. त्याला घाई कशाची?

समजा गाडीची बॅटरी ४० युनिटची. येताना २५ टक्के होती, सकाळी ९० हवी. म्हणजे ६५ टक्के, २६ युनिट बॅटरीत जायला हवेत. वाटेत साधारण दहा टक्के वीज उष्णतेत आणि रूपांतरात जाते असं धरलं, तर मीटरवर सुमारे २९ युनिट पडतील. १५ अँपिअरच्या प्लगवरून ३.३ किलोवॅटने हे काम पावणेनऊ तासांत होतं. रात्री नऊला लावा, सकाळी सहापर्यंत तयार. रात्री हवा गार, डांबर गार, बॅटरी विसावलेली, वेग कमी म्हणून आतली उष्णताही नगण्य. ज्या तापमानाने महामार्गावर माझी दुपार खाल्ली, त्याचा इथे प्रश्नच उरत नाही.

यासाठी वाडी तारण ठेवायची गरज नाही. घरातून एक वेगळी जाड वायर, चांगला औद्योगिक प्लग, स्वतंत्र एमसीबी, गळती झाली तर वीज तोडणारं उपकरण, नीट अर्थिंग आणि एक सब-मीटर. पुढे गिऱ्हाईक वाढलं तर ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा एसी चार्जर. हा खर्च हजारांत मोजायचा. डीसी चार्जरचा लाखांत.

सावकाश चार्जिंगमध्येही उन्हाळ्याच्या दोन खोड्या आहेत, त्या सांभाळा.

पहिली, व्होल्टेज. उन्हाळ्यात गावात पंखे, कूलर, मोटरी सगळं एकदम चालू असतं आणि दाब उतरतो. २२० ऐवजी १९० व्होल्ट आले तर १५ अँपिअरला २.८५ किलोवॅटच मिळतात. आपले २९ युनिट मग पावणेनऊऐवजी दहा तास घेतील. म्हणून पाहुण्याला वेळ सांगताना तासभर जास्तच सांगा. आधी सांगितलं तर सेवा, नंतर सांगितलं तर सबब.

दुसरी, अर्थिंग. किनाऱ्याची जमीन वाळूची. मार्चनंतर ती सुकली की अर्थिंग कमजोर होतं, आणि बऱ्याच गाड्यांचा चार्जर लाल दिवा लावून चार्जिंग नाकारतो. पाहुण्याला वाटतं तुमचा प्लग खराब. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर नियमित पाणी घाला, आणि वर्षातून एकदा जाणत्या वायरमनकडून मोजून घ्या. घरच्या जुन्या सैल सॉकेटला गाडी कधीही जोडू नका. आठ-नऊ तास सलग भार घेऊन असं सॉकेट वितळतं आणि आग लागू शकते.

सहावा पाठ : अंगणात लावायचे नियम

गाडी सावलीत. पण नारळाखाली नको! शहाळ्याचा धंदा वेगळा, काचेची भरपाई वेगळी. सुरूची किंवा चिकूची सावली चालेल. कायमची शेड घालायची असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा आणि किनारा क्षेत्राचे नियम पाहा.

दुपारी आलेल्या पाहुण्याला सांगा, "आता जेवा, गाडी गार होऊ द्या, रात्री लावू." हे ऐकून तो नाराज होत नाही. आपल्याला यातलं कळतं, असा विश्वास बसतो.

गनला ओला फडका गुंडाळू नका, बॉनेटवर पाणी ओतू नका. वेग वाढतो म्हणून काही जण असं करतात. गनमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. ओल्या फडक्याने त्याची फसगत होते आणि आतली खरी उष्णता कळत नाही. वीज आणि पाणी एकत्र आणायचं नाही, हे शहाणपण आजीलाही माहीत होतं.

पैसे सब-मीटरच्या युनिटवर घ्या आणि दर आधीच पाटीवर लिहा. "गाडीत २६ च दिसतात, तुम्ही २९ चे पैसे का घेता?" असा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा : मधले युनिट उष्णतेत आणि रूपांतरात जातात, प्रत्येक ठिकाणी जातात. शांतपणे सांगितलं की पटतं.

महावितरणच्या कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा : माझा मंजूर भार पुरेल का, पाहुण्यांना चार्जिंग देताना मला कुठला दर लागेल, वेळेनुसार दर बदलतात का. चार्जिंग स्टेशन चालवायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. परवाना नाही म्हणजे नियम नाहीत असं मात्र नाही. भार आणि सुरक्षिततेचे नियम पाळावेच लागतात.

मग फास्ट चार्जर कुणी घ्यायचा?

घ्यायचाच नाही असं मी म्हणत नाही. महामार्गालगत जागा आहे, उपाहारगृह आहे, दिवसभर वाहतूक आहे, तर जरूर विचार करा. फक्त विक्रेत्याला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या : किती अंशांच्या पुढे यंत्राची ताकद कमी होते? ४५ अंशांना ते नक्की किती देईल? दोन गाड्या लागल्या तर वाटणी कशी? खाऱ्या हवेसाठी कपाटाला कोणतं संरक्षण आहे? पंखा किंवा भाग बिघडला तर माणूस किती दिवसांत येईल? पाचपैकी दोन उत्तरं टाळली गेली तर चहा पाजा आणि निरोप द्या.

यंत्र बसवल्यावर त्यावर छप्पर हवंच. यंत्राला मागून-पुढून वारा लागेल इतकी जागा ठेवा. दर महिन्याला जाळी साफ करा. दुपारी येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगा, "८० च्या पुढे थांबू नका, उरलेलं मुक्कामी भरा." त्याचा वेळ वाचतो आणि तुमची गन मोकळी होते.

गृहपाठ

एक वही करा. चार्जिंगला लागलेल्या प्रत्येक गाडीची एक ओळ : तारीख, वेळ, ऊन की सावली, बाहेरचं तापमान, सुरुवातीचे टक्के, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने पडद्यावरचा किलोवॅट, शेवटचे टक्के, एकूण युनिट, एकूण मिनिटं. तुमच्याकडे अजून चार्जर नसेल तर जवळच्या चार्जरवर एक शनिवार खुर्ची टाकून बसा. तीस ओळी झाल्या की सकाळचं आणि दुपारचं सरासरी वेगळं काढा. तुमच्या गावाचा खरा आकडा तोच. कर्जाचा अर्ज त्या आकड्यावर भरा, पाटीवरच्या आकड्यावर भरू नका.

ताईंनी काय केलं? वाडी तारण ठेवली नाही. पावसाळ्याआधी वेगळी लाइन ओढून घेतली, अर्थिंग नवं केलं, सब-मीटर लावला. खोलीच्या दरपत्रकात एक ओळ वाढवली : "रात्री गाडी चार्ज करून मिळेल, युनिटप्रमाणे." मी विचारलं, चार्जिंगमध्ये किती सुटतात? म्हणाल्या, "चार्जिंगमध्ये फार नाही, सर. पण गाडी रात्रभर लागते म्हणून आता पाहुणा मुक्कामच करतो. खोलीचे सुटतात, दोन वेळच्या जेवणाचे सुटतात, जाताना चिकूची पेटीही घेऊन जातो."

मित्र-मैत्रिणींनो, धंदा असा ओळखायचा. तुमचा ग्राहक थांबणारा आहे की निघणारा, हे आधी कागदावर लिहा. यंत्राचं नाव त्यानंतर लिहा.

वही सुरू करा. पुढच्या धड्यात सब-मीटरवरून युनिटचा दर कसा काढायचा, ते बघू. तोपर्यंत, हिशोबात राहा, आनंदात राहा!